शोरूममधली बंद खोली

ती तक्रार मी विसरलेलो नाही. विसरणं मला शोभणारही नाही.

नव्वदच्या दशकात डॅलसजवळच्या एका छोट्या शहरात मी डिटेक्टिव्ह होतो. ठाण्यात मराठी समजणारा मी एकटाच, म्हणून नागपूरची एक तरुणी थेट माझ्याकडे आली. नवऱ्यासोबत ती व्हॅन घ्यायला गेली होती.

"दादा, सेल्समन म्हणाला, तुम्ही दोघं बोलून घ्या. दार लावून गेला. कितीपर्यंत चढायचं ते आम्ही मराठीत ठरवलं, आणि तो परत आला तो आमचाच आकडा घेऊन!"

आणखी दोन मराठी कुटुंबांनी हेच सांगितलं. वॉरंट घेऊन झडती घेतली. त्या खोलीतल्या फोनचा स्पीकर गुपचूप चालू ठेवला जायचा. पलीकडे ऐकणारा कोण, हे कळायला वेळ लागला नाही. शोरूमच्या हिशेबखात्यात एक मराठी गृहस्थ होते. प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा अशा आमच्या पॉटलक जेवणांत सगळे त्यांना काका म्हणत.

चौकशीत ते एकच वाक्य धरून बसले. "मला काही माहीत नाही, साहेब." त्यांच्या ग्रीन कार्डाचा अर्ज शोरूमच्या मालकानेच केला होता. त्यांची भीती मला कळत होती, मालकाविरुद्ध पुरावा मात्र फक्त त्यांच्याकडे होता.

मी काकूंना बोलावून घेतलं. "तुम्ही दोघं बोलून घ्या," म्हणालो, दार लावलं आणि शेजारच्या खोलीत हेडफोन चढवला.

"अहो, सांगून टाका एकदाचं."

"सांगतो गं. पण मालक अर्ज मागे घेईल, मग आपण कुठे जायचं? मी मदत केली असं सरकारी वकिलाने लेखी दिलं, तर आजच सांगतो. त्याहून कमीत नाही."

मी वकिलाला फोन केला. मग आत जाऊन, आत्ताच सुचल्यासारखा, पत्राचा विषय काढला. काकांनी जबाब दिला. मालकाला शिक्षा झाली. काकांची नोकरी गेली, पण ते पत्र पाहून दुसऱ्या कंपनीने त्यांचा अर्ज नव्याने भरला.

कायद्याने मी चुकलो नव्हतो; पोलिसांची चौकशीची खोली खासगी धरली जात नाही. तरी ज्या कृत्यासाठी एकाला तुरुंगात पाठवलं, तेच मी नवरा-बायकोच्या बाबतीत केलं होतं, ही टोचणी गेली नाही. ग्रीन कार्डाच्या पार्टीत मी काकांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

ते पोट धरून हसले. "अरे, बंद खोल्या ऐकणं हेच माझं काम होतं! मला कळणार नाही? घरी मी हिच्याशी इतकं मुद्देसूद कधी बोलतो का, विचार तिला."

त्यांचा शेवटचा आकडा मी पकडला, असं मला वाटत होतं. तो त्यांनीच मला कळवला होता.

आता मी निवृत्त आहे. नवीन आलेल्या कुणाला गाडी घ्यायची असली की आम्ही दोघं सोबत जातो. सेल्समन "बोलून घ्या" म्हणाला, की काका खुर्ची मागे सारतात. "चला रे, बाहेर पार्किंगमध्ये बोलू."

आणि माझ्याकडे बघून म्हणतात, "साहेब, तुम्हीसुद्धा."