सतरा नाही, तेरा तास

मागच्या महिन्यात मनीषनगरला आमच्या घरी माझ्या प्रवासाबद्दल बैठक बसली. मी समोरच मिरच्यांची देठं काढत होते... पण मला कोणी काही विचारत नव्हतं.

मुलगी मेलबर्नला असते, तिला आठवा महिना लागला होता. "आई, येशील ना?" असं तिने एकदाच विचारलं आणि मी एकदाच हो म्हटलं.

मुलाने तिकीट काढलं आणि मग स्वतःच घाबरला. दिल्लीहून दुपारी दोनला निघणार, तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला पोचणार, म्हणजे साडेसतरा तास. आई एकटी, वय अडुसष्ट, अंतर दहा हजार किलोमीटर... झालं, फॅमिली ग्रुपवर टाकून मोकळा.

जाऊबाईंचा लगेच फोन. "काहून जिवाले त्रास करून घेऊन राहिली वं? तिकडे बाई ठेवतील ना ते." तिकीट कॅन्सल करायचं असं ठरलंसुद्धा.

मग मात्र माझं डोकं सटकलं. अठ्ठावीस वर्षं काटोलच्या शाळेत भूगोल शिकवला मी, रोज एसटीने जाऊन-येऊन, कितीदा तर उभ्याने. आणि माझ्याच पोटचा इंजिनिअर दोन देशांची घड्याळं न बघता तास मोजतोय?

हात पुसले आणि तिकीट त्याच्या पुढ्यात धरलं. निघायची वेळ इथली, पोचायची तिथली. तिथलं घड्याळ साडेचार तास पुढे, तेवढे वजा केले की उरतात तेरा. सून तोंडावर पदर धरून हसली, आणि तिकीट रद्द व्हायचं वाचलं.

पण पोरगा कमी नाही. दिल्लीला पहिल्या विमानातून उतरले तर दाराशी माझ्या नावाची व्हीलचेअर... मला न विचारता बुक केलेली. हल्ली ही पद्धतच झालीय, आईवडिलांना गेट सापडणार नाही म्हणून धडधाकट असले तरी खुर्चीत बसवून पाठवायचं. ज्यांना गरज आहे त्यांनी जरूर बसावं, मला नव्हती.

खुर्ची घेऊन आलेल्या माणसाला हिंदीत सांगितलं, मी चालू शकते. तो दोनदा म्हणाला, मैडम बैठ जाइए, मी दोनदा नाही म्हटलं. एकदा चुकीच्या गेटवर गेले, दोघांना विचारलं आणि पोचले वेळेत.

तेरा तासांत गुडघे दुखले, खोटं कशाला बोलू. दर दोन तासांनी उठून विमानात फेरी मारत होते. शेजारचा वैतागला असेल, असू दे.

मेलबर्नला बाहेर आले तर लेक पोटावर हात ठेवून उभी. भावाने तिला सांगूनच ठेवलं होतं, त्यामुळे ती येणाऱ्या प्रत्येक व्हीलचेअरमध्ये वाकून आईला शोधत होती... आणि मी ट्रॉली ढकलत तिच्या शेजारी येऊन उभी राहिले तरी तिला पत्ता नाही.

खांद्यावर हात ठेवला तेव्हा वळली, आणि दोघीही रडलो. खूप बरं वाटलं.

मुलाला मेसेज केला, पोचले, चालत. काळजी करतोस त्याबद्दल देवाचे आभारच मानते रे, पण परतीचं तिकीट मीच काढणार आहे.