मागच्या व्हरांड्यातला बाक

ही केस आठवली की अजूनही माझे कान तापतात. आमचं घराणं तंजावरचं, वाढलो वेस्ट मांबलममध्ये, घरात जुनी मराठी आणि बाहेर तमिळ. हवालदारांच्या खिशात नुकते मोबाइल आले होते, तेव्हा मी तिरुवल्लिकेणी भागात इन्स्पेक्टर होतो.

समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटांच्या देशातून एक बाई सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. मुलीच्या हृदयाचं ऑपरेशन शुक्रवारी ठरलेलं. सोमवारी लॉजमधून बाईची पिशवी गेली. पासपोर्ट, तपासण्यांच्या फिल्म, सगळे रिपोर्ट तिच्यातच. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "त्याच तपासण्या पुन्हा करायच्या तर पोरीला पुन्हा भूल द्यावी लागेल, आणि तेवढी ताकद तिच्यात नाही."

लॉजसमोरच्या चहावाल्याने खबर दिली, की पिशवी घेऊन जाताना त्यांचा दुभाष्या दिसला. हा आमच्याच भागातला गवंडी. त्या देशात दहा वर्षं भिंती बांधून तिथली भाषा शिकलेला. मी त्याला उचलून आणला. अटक दाखवली नाही, नुसता बसवून ठेवला. तेव्हा असं सर्रास चालायचं, आणि मीही केलं.

"सार, पिशवी रोज मीच उचलतो. त्या दिवशीही उचलली, खोलीत ठेवली. पुढचं मला ठाऊक नाही."

मी ओरडलो, टेबल आपटलं. पठ्ठ्याचं दोन दिवस तेच वाक्य. शिवाय दुभाष्याच ठाण्यात बसल्यावर त्या माउलीशी बोलणार कोण? त्या देशाचा एक सार्जंट शहरात प्रशिक्षणाला आला होता. बुधवारी सकाळी त्याला बोलावून घेतलं.

मला त्याच्याबद्दल भारी कुतूहल. त्यांच्या अख्ख्या देशाचं पोलीस दल आमच्या शहराच्या एका कोपऱ्यात मावलं असतं. त्याच्या बेटावर दोन पोलीस आणि एक सायकल! तो आधी बाईशी बोलला, मग गवंड्याशेजारी बसला, चहा मागवला आणि कुठल्या बेटावर कुठली भिंत बांधलीस ते विचारू लागला. अर्धा तास हेच. मी मनात म्हटलं, हे काय सोयरीक जुळवायला आलेत?

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"घेतली नाही म्हणाला."

"अहो, ते तर मलाही म्हणाला!"

"हो. पण तुम्ही ऐकलं नाहीत."

असा राग आला म्हणून सांगू! पण तो शांतपणे म्हणाला, "आमच्याकडे काही चोरीला गेलं, की आम्ही चौकीमागे एक बाक ठेवतो. गावात सांगतो, उद्या संध्याकाळपर्यंत वस्तू इथे आणून ठेवा. कोणी बघणार नाही, कोणी विचारणार नाही."

"आणि चोर?"

"तो तिथेच राहतो ना. उद्या माझी होडी उलटली तर मला बाहेर ओढणारा कदाचित तोच असेल."

"हे बेट नाही, साहेब. एकेका मॅन्शनमध्ये, भाड्याच्या खोल्यांच्या इमारतीत, शंभर बिऱ्हाडं आहेत."

"पिशवी नेणाऱ्याला कागद नको होते. आता ते त्याला टाकवतही नसतील आणि ठेववतही नसतील."

हे मात्र पटलं. ठाण्याच्या मागच्या व्हरांड्यात एक बाक ठेवला आणि आम्ही गल्लीत दारोदार फिरलो. तो मोडक्या इंग्रजीत सांगायचा, मी तमिळमध्ये. फुलं विकणारी एक म्हातारी हसली. "बघणार नाही म्हणता, आणि कोपऱ्यावर साध्या वेषातला माणूस उभा कराल!"

मी केला होताच. दिवस मावळेपर्यंत मागच्या व्हरांड्यातला बाक रिकामा.

"तुमचा माणूस चप्पल घालून आलाय," सार्जंट म्हणाला, "पण उभा पोलिसासारखाच राहतो."

लाज वाटली. गुरुवारी मी त्या माणसाला घरी पाठवला आणि स्वतःची खुर्ची भिंतीकडे वळवून बसलो. मान वळवू नये म्हणून काय कष्ट पडले, ते माझं मला ठाऊक! दुपारी तीनच्या सुमारास ठाण्याच्या नोंदी लिहिणारा रायटर ओरडला, "सार, पिशवी!"

एकही कागद कमी नव्हता. बाईने पिशवी छातीशी धरली आणि हमसून हमसून रडली. शुक्रवारी ऑपरेशन झालं, आणि आठवड्याने पोरगी आईचा हात सोडून वॉर्डात चालू लागली. पिशवी कोणी नेली, कोणी आणली, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

एवढं मात्र कळलं, की पिशवी आली तेव्हा गवंडी ठाण्यातच बसलेला होता, म्हणजे ती दुसऱ्याच कोणाकडे होती. त्याला त्याच दुपारी सोडलं. संध्याकाळी साध्या कपड्यांत त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. त्याने पाणी दिलं. म्हणाला, "सार, नेताना जीपमधून नेलंत. गल्लीभर लोक बघत होते. माफी मागायला मात्र एकटेच चालत आलात."

तोवर मी तपासात एकच गोष्ट बघायचो, की केलं कोणी. ज्याने केलेलं नाही, त्याला उद्या याच गल्लीत राहायचंय, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सार्जंटच्या बेटावर ते दोन पोलिसांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत पाण्याची लॉरी आली आणि बायका घागरी घेऊन रांगेत उभ्या राहिल्या, तेव्हा मी पूर्ण युनिफॉर्ममध्ये जीप घेऊन तिथे गेलो. गवंड्याच्या दारासमोर उभा राहून मोठ्याने म्हणालो, "या माणसाने काही केलेलं नव्हतं. मी त्याला विनाकारण बसवून ठेवला. चूक माझी आहे." रांगेतला गलका थांबला. त्याची बायको दारात येऊन उभी राहिली. मी तेच पुन्हा सांगायला तोंड उघडलं, तेव्हा गवंडी पायरी उतरून आला आणि त्याने माझा दंड धरला.

"पुरे, सार," तो म्हणाला. "ऐकलं सगळ्यांनी."