दोंडाईचा म्हटलं की थांबायचं

हिवाळ्यात आमच्या जळगावकडे चार जोडपी शेतात जमली, की कोणी कारण विचारत नाही. भरीत पार्टी असणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून दोराने बांधण्याचं शिबिर आम्ही भरीत पार्टीतच उरकायचं ठरवलं. धुळे रस्त्यावरचं शेत आमचं, वांगी आमची, शिकवणारी ताई नाशिकची. जमलेले सगळे चाळिशीच्या आसपासचे, खाजगीत एकमेकांना बांधण्यात आणि बांधून घेण्यात गोडी असलेले, बाकी अगदी सभ्य लोक. धुळ्याचं जोडपं येताना पेढ्यांचा पुडा घेऊन आलं होतं.

वांगी भाजायला शेतावरचे आबा होते. त्यांना आम्ही गाठींचं शिबिर आहे असं सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं.

मला दोराची भीती नव्हती, नवऱ्याच्या कानांची होती. त्याच्या घरात 'नको' हा शब्द कोणालाच ऐकू येत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या जेवणात मी ताटावर हात आडवा धरला, तर सासूबाईंनी बोटांच्या फटीतून वरण सोडलं. तिथे 'नको' म्हणजे 'जरा अजून आग्रह करा'. अशा घरात वाढलेला माणूस माझे हात बांधणार आणि मी म्हणताच थांबणार, हे मला पटेना. आज थांबायला शिकलात तर ठीक, नाहीतर दोर माळ्यावर टाकू आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही, असं मी त्याला निघतानाच सांगितलं होतं. तो "बरं" म्हणाला. तो सगळ्यालाच बरं म्हणतो.

ताईने दोराला हात लावण्याआधी सगळं नीट सांगितलं. दोराखाली बोट सहज शिरलं पाहिजे. हाताला मुंग्या आल्या की लगेच सोडायचं. कात्री कायम हाताशी. मग जोड्या करून एक सराव दिला. एकाने विचारायचं, "खांद्यावर हात ठेवू का?" दुसऱ्याने म्हणायचं, "नको." पहिल्याने म्हणायचं, "बरं," आणि हात मागे घ्यायचा.

"नको," मी म्हणाले.

"का बरं?" नवऱ्याने विचारलं.

"'का' विचारायचं नाही, दादा," ताई म्हणाली.

"नाही, पण काही बिनसलं असेल तर कळायला हवं ना."

दुपारपर्यंत तो 'बरं' म्हणू लागला, पण शाळेत कविता म्हणतात तसा. गाठी मात्र त्याला पटापट जमल्या.

मग प्रत्येक जोडीने एक ठरलेला शब्द निवडायचा होता. खेळात माणूस लटकंही नको म्हणतो, म्हणून खरं थांबायचं तेव्हा म्हणायला वेगळाच शब्द. नवऱ्याला गावाचं नाव हवं होतं. साक्री नको, तिथे त्याचे मामा. पहूरला माझी आत्या. दोंडाईच्याला आमचं कोणीच नाही, म्हणून दोंडाईचा.

जेवायला बसलो. वाढायला नवरा उठला, आणि सकाळपासूनचं शिबिर वांग्यांबरोबर चुलीत गेलं.

"नको दादा, पोट भरलं," ताई म्हणाली.

"लाजू नका हो ताई."

"खरंच नको. मला गाडीने जायचंय."

"गाडीतच तर भूक लागते."

तिने ताटावर हात धरला. त्याने हाताच्या बाजूने भरीत सोडलं. सकाळपासून मनापासून नको म्हणायला शिकलेली मंडळी आता एका सुरात म्हणत होती, "घ्या हो, घ्या." धुळ्याच्या वहिनींनी मागून पुरी टाकली. नवऱ्याने पळी पुन्हा भरली.

मला संताप आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. मला दिसत होतं की हा माणूस दुष्ट नाही, प्रेमळ आहे, आणि म्हणूनच थांबणार नाही. दोर माळ्यावर जाणार होता.

"अहो," मी म्हणाले. "दोंडाईचा."

पळी ताटावर अधांतरी राहिली. तेल ठिबकत होतं.

चुलीजवळून आबांनी अहिराणीत विचारलं, "दोंडाईचामां काय व्हयनं?"

"काही नही, आबा. बठ्ठं बरं शे," नवरा म्हणाला.

मग त्याने पळीतलं भरीत पातेल्यात परत ओतलं. वाढायला घेतलेलं मागे घेताना त्याच्या घरात मी कोणालाच पाहिलं नव्हतं. त्याचा चेहरा लाल झाला होता. तो ताईला म्हणाला, "बरं." मग माझ्याकडे बघून पुन्हा म्हणाला, "बरं." मी वाट पाहिली, पण त्याने 'का' असं विचारलं नाही.

ताईने ताटातलं होतं तेवढं खाऊन हात धुतला. तिला स्टेशनवर सोडून आम्ही घरी आलो. त्याने पिशवीतून दोर काढला, माळ्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

हात मीच पुढे केले.