नबीलाल बोलून गेला

कोल्हापुरात रिक्षा नुसती चालवत नाहीत, नटवतात. मंगळवार पेठेतलं नबीलाल अत्तारचं दुकान त्या हौसेवरच उभं राहिलं. रिक्षाची सीट, हूड, पडदे, सगळं तो शिवायचा. वडील गेले तेव्हा तो नववीत होता. शाळा सुटली ती सुटलीच. उस्तादाच्या शिव्या खात काम शिकला, दुकान टाकलं, हाफिजाशी लग्न झालं, मेहक झाली. आपण कुणापुढं हात पसरला नाही याचा त्याला फार अभिमान होता. दुकानासमोरच चहाची गाडी असल्यामुळं तो अभिमान ऐकायला माणसंही आयती मिळायची.

सरकारनं मुलींची कॉलेजची फी माफ केली तेव्हा गाडीवर दुसरा विषयच नव्हता. नबीलालचा आवाज सगळ्यांच्या वर.

"कशाला भरायची सरकारनं फी? मी सुई धरली तवा कुठलं सरकार आलतं दोरा ओवायला? फुकटचं अंगाला लागत न्हाय."

"आरं, शाळा फुकट चालती, दवाखाना फुकट चालतो," पिराजी म्हणाला, "मग कॉलेजनंच काय घोडं मारलंय?"

पिराजी रिक्षावाला. दोघं एकाच गल्लीत वाढलेले. वाद घालायचे आणि चहाही एकमेकांच्या कपातला प्यायचे.

महिन्याभरानं पिराजीच्या मोनाला जयसिंगपूरच्या बाजूला फार्मसी कॉलेजात प्रवेश मिळाला. त्यांच्या सगळ्या खानदानात कॉलेजात जाणारी ही पहिली पोरगी. पिराजी पेढे घेऊन गाडीवर आला. पुडा मोनाच्या हातात होता. ती एकेकाला वाकून देत होती. नबीलालपाशी आली तेव्हा त्यानं पेढा उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"पेढं कुणाच्या पैशाचं म्हणायचं, पिराजी? आमच्याच की! आम्ही टॅक्स भरायचा आन् तुम्ही फुकट शिकून तोंड गोड करायचं."

माणसं हसली. मोनानं पुड्याचं झाकण लावलं आणि घराकडं चालू लागली. अजून चौघांना पेढे द्यायचे राहिले होते. पिराजी मागं वळला. रिक्षा चालू करून निघून गेला.

त्यानंतर तो गाडीवर आला नाही. त्याच्या रिक्षाची सीट उसवली तीही त्यानं दुसरीकडं शिवून घेतली. ते बघून नबीलाललाच राग आला. "एवढं काय झोंबायचं त्यात?" असं तो हाफिजाला म्हणाला. हाफिजा म्हणाली, "पोरीसमोर बोललात तुम्ही." त्यानं मशीन जोरात चालवलं.

दोन वर्षांत बाजारात तयार सीट कव्हरं आली. नबीलालचं काम कमी होत गेलं. त्यात मेहकला इंजिनिअरिंगला नंबर लागला. गाडीवर त्यानं जाहीर करून टाकलं, की पोरीची फी आपण स्वतःच्या जिवावर भरणार. घरी हाफिजानं फक्त विचारलं, "कशानं?"

प्रवेशाच्या दिवशी तो मेहकला घेऊन कॉलेजात गेला. रांगेत मागं चांगल्या घरातली माणसं उभी होती. खिडकीपाशी वाकून तो अगदी हळू म्हणाला, "ते मुलींचं… माफीचं असतंय न्हवं?"

"काय? मोठ्यानं बोला की पावणं. माफीवालं काय तुम्ही?" खिडकीतला माणूस ओरडला. "माफी हाय, पण सरकारचं पैसं येतील तवा येतील. आता तुम्ही भरा. आलं की परत देऊ. न्हायतर व्हा बाजूला."

मागची माणसं बघत होती. नबीलालचे कान तापले. तो रांगेतून बाहेर पडला. फाटकापर्यंत त्यानं मेहककडं बघितलंसुद्धा नाही.

"अब्बा," वाटेत मेहक म्हणाली, "मोनाताईच्या कॉलेजनं पण असंच केलेलं. तिनं आणि बाकीच्या मुलींनी, आधी फी मागायची नाही असा सरकारी आदेश दाखवला, मग फी न घेता प्रवेश दिला त्यांनी. तिला विचारू?"

"न्हाय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो स्वतःच पिराजीच्या दारात उभा राहिला, मेहकला बरोबर घेऊन. पिराजीच्या बायकोनं, शालूवहिनींनी "या" म्हटलं, पाणी दिलं. मोना नुकतीच घरी आली होती, अजून हातपायही धुतले नव्हते तिनं. टोमणा येणार म्हणून नबीलाल तयारीनं आला होता. कुणी काय म्हटलं तर काय उत्तर द्यायचं हे त्यानं येताना ठरवलं होतं. मोनानं मात्र सगळं ऐकून घेतलं, मोबाईल काढून मेहकला आदेश दाखवला आणि म्हणाली, "उद्या मी येते तुझ्याबरोबर. एकटीचं ऐकत न्हाईत ते लोक."

नबीलालची सगळी उत्तरं वाया गेली. चहा पुढं आला, तो त्यानं तसाच खाली ठेवला. मोना मेहकला घेऊन आत गेल्यावर तो म्हणाला, "पिराजी, ते त्या दिवशीचं… मी आपलं गमतीनं बोललो रं."

"गमतीनं न्हाय बोललास तू, नबी." पिराजीचा आवाज चढला नाही. "पोरीला सरकारचा हॉस्टेलचा भत्ता मिळत होता. तिनं अर्जच केला न्हाय. म्हणाली, फी घेतली तेवढी बास. परत कुणी म्हणाया नको, लोकांच्या पैशावर ऱ्हाती न् खाती. दोन वर्षं झाली, पहाटं उठून एसटीनं जाती. जागा मिळाली तर बसती, न्हायतर उभ्यानं. तिच्या आईनं लई समजावलं."

"बाबा, गप्प बसा की!" आतून मोनाचा आवाज आला.

नबीलालला मान वर करता येईना. आपण बोललो, माणसं हसली, आपण विसरलो. पण ते वाक्य ही पोरगी दोन वर्षं रोज पहाटे बरोबर घेऊन जात होती. मोना बाहेर आली तेव्हा तो कसाबसा म्हणाला, "अजून भर की पोरी अर्ज. मी मूर्खासारखा बोललो."

"आता सवय झालीया, चाचा," मोना म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मोनानं स्वतःचं कॉलेज बुडवलं. नबीलाल फाटकाबाहेर थांबला. तासाभरात दोघी बाहेर आल्या, काम झालं होतं.

एवढं होऊनही गाडीवर त्याच्या तोंडून खरं निघालं नाही. "झाला का प्रवेश?" कुणीतरी विचारलं. "व्हय, झाला," तो म्हणाला. "शाब्बास! स्वतःच्या जिवावर शिकवतोय गडी," असं म्हणत एकानं त्याच्या पाठीवर थाप मारली. नबीलाल गप्प राहिला. दुकानाच्या पायरीवर मेहक डबा घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं. डबा ठेवून ती परत गेली. बापाची लाज वाटलेली पोरगी कशी चालते, ते त्यानं पाठमोरं बघितलं.

दुकानात येऊन बसला, पण डबा त्यानं उघडला नाही. तसाच उठून गाडीपाशी गेला.

"मेहकची फी सरकार भरतंय," तो म्हणाला. "मी न्हाय. मगाशी गप्प बसलो. आन् ती कशी घ्यायची तेबी पिराजीच्या पोरीनं शिकवलं."

या वेळी कुणी हसलं नाही. गाडीवाल्यानं उगाचच कप विसळायला घेतले. ती शांतता त्याला हसण्यापेक्षा जास्त लागली.

आता फीचा विषय निघाला की नबीलाल उठून दुकानात जातो. कुणी आग्रहच केला तर म्हणतो, "सरकारनं किती भरावं, कुणाचं भरावं, ते शिकलेल्यांनी ठरवावं. माझं त्यावर बोलायचं तोंड ऱ्हायलं न्हाय." पिराजी रस्त्यात भेटला तर थांबतो, चार शब्द बोलतो. पूर्वीसारखा वाद मात्र घालत नाही. मोनानं भत्त्याचा अर्ज केलाच नाही. शेवटचं वर्ष सुरू झालं तरी ती जाऊन-येऊनच करते.

परवा संध्याकाळी ती दुकानावरून चालली होती. नबीलाल खाली वाकून सुतळी शोधल्यासारखं करू लागला. ती दारातच थांबली.

"चाचा, मेहकची परीक्षा कधी हाय?"

"पुढच्या महिन्यात," तो म्हणाला. तेवढंच. ती गेल्यावरही बराच वेळ तो वाकलेलाच होता.