ते वाक्य माझंच होतं

सकाळी ऑफिसात गेले, तर टेबलामागे माझी खुर्ची नव्हती.

डहाणूच्या त्या फुग्यांच्या कारखान्यात मी बावीस वर्षं कारकून होते. आदल्याच दिवशी पॅकिंगच्या मुलींसाठी अर्ज लिहून दिला होता. आठ तास उभ्या असतात, स्टुलं द्या. एवढंच. शेठ सगळ्यांदेखत म्हणाले, "बेन, मुलींची फार काळजी ना तुम्हाला? मग राहा त्यांच्यासारख्या उभ्या." कोणीतरी हसलं. मी उभ्याने टायपिंग केलं. नऊ दिवस. दहाव्या दिवशी वॉचमनने गेटवरूनच परत पाठवलं.

बाळांनो, तुम्हाला फोनवर मी रिटायर झाले म्हणून सांगितलं. ते खोटं. मला काढून टाकलं. लाज वाटली, म्हणून लपवलं.

मी कामगार न्यायालयात गेले. शेठ एकाही तारखेला आले नाहीत. शेवटी त्यांच्या गैरहजेरीतच निवाडा झाला: बाईंना कामावर परत घ्या. तलासरीला घरी परतताना एसटीत तो कागद दोनदा वाचला. निवृत्तीला अजून सव्वा वर्ष होतं. माझ्या खुर्चीवरून, माझ्या पायांनी निवृत्त व्हायचं होतं मला.

मग शेठचा अर्ज आला. निवाडा रद्द करा, आम्हाला नोटीस मिळालीच नाही. इंग्रजीतला तिसरा परिच्छेद मी पुन्हा वाचला. ते वाक्य माझं होतं. स्वल्पविरामांसकट.

आमच्याकडे रीतच होती. कोर्टाचं पाकीट आलं की शेठ मागच्या दाराने चिकूच्या वाडीत जायचे. मी पोस्टमनला सांगायचे, "मालक बाहेरगावी आहेत." पाकीट परत. निवाडा विरुद्ध गेला की रद्द करायचा अर्जही मीच टाईप करायचे. पहिला मजकूर मी रचला तो उधवा गावच्या जमनी नावाच्या बाईच्या केसमध्ये. पॅकिंगमधून काढली होती तिला. शेठ म्हणाले होते, "बेनचं इंग्लिश एक नंबर!" मला बरं वाटलं होतं. जमनीचा निवाडा रद्द झाला, केस पहिल्यापासून सुरू. तारखांना येऊन येऊन ती थकली. सोडून दिलं तिने.

आता त्याच अर्जात तिच्या नावाच्या जागी माझं नाव.

मी उधव्याला गेले. जमनी अंगणात नागली पाखडत होती. तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे तुमीच लिवलं व्हतं, बाय?"

"हो."

ती पाखडत राहिली. मग म्हणाली, "मना वाटला, कोनी मोठा सायेब लिवतं." सूप खाली ठेवलं. "कोरटात सांगशाल?"

माझे वकील म्हणतात, "मॅडम, हे बोललात तर तुम्हीच खोट्या ठराल. गप्प राहा." मी गप्प राहिले. तारीख पुढे गेली. पुन्हा पुढे. माझं निवृत्तीचं वय उलटेपर्यंत शेठला एवढंच करायचंय. आता पाच महिने उरलेत.

पुढच्या तारखेला मी शपथेवर सांगणार आहे. पाकिटं यायची. ती परत कशी जायची. परत पाठवणारी कोण होती. जमनी येते म्हणाली आहे. खुर्ची कदाचित मिळणार नाही. जमनीला तर काहीच परत मिळणार नाही, हेही मला माहीत आहे. तरी सांगणार. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कितीही वेळ लागू दे.

उभं राहायची सवय मला शेठनेच लावली आहे.