दाजींची बॉडी

आमच्या दाजींना त्यांच्या स्वतःच्या अंत्यविधीला मी अगदी वेळेवर पोहोचवलं होतं.

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. परतूरजवळच्या आष्टीत राहतात, टेम्पो चालवतात. टेम्पोची मागची बॉडी पार सडली होती (टमाट्याचे कॅरेट रस्त्यात गळायला लागले होते!), म्हणून जालन्याच्या एका गॅरेजात नवी बांधायला टाकली होती. आणायला जाताना मला सोबत घेतलं. मी शाळेत इंग्रजी शिकवतो. शिकलेला माणूस संगं असलेला बरा, असं त्यांचं मत. (तेव्हा होतं.)

टेम्पो मिळाला. मी नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलं, "दाजींची बॉडी ताब्यात मिळाली. घेऊन निघतोय. सहापर्यंत पोहोचू." तेवढ्यात माझ्या फोनची बॅटरी संपली. दाजींचा तर घरीच राहिलेला!

इकडे अक्काच्या दारात तिची चुलतसासू धावत आली. "पोरी, धीर धर गं!"

अक्कानं मेसेज वाचला. "ओ आत्या, बॉडी टेम्पोची हाय!"

"व्हय माय, टेम्पोतूनच आणून राह्यलेत."

"तसं न्हाई! सकाळी हसत गेल्ते ते!"

"चांगली माणसं हसतच जातेत गं."

अक्काला हसू फुटलं, तर शेजारच्या दोघींनी 'डोक्यावर परिणाम झाला' म्हणून तिचे हात धरून ठेवले. कुणीतरी दाजींना फोन लावला. तो आतल्या खोलीत उशीखाली वाजला, आणि नव्यानं रडारड सुरू झाली! तासाभरानं अक्कालाही शंका यायला लागली.

आम्ही मात्र मजेत. नव्या बॉडीच्या आनंदात दाजींनी टेम्पोला झेंडूचा हार घातला. "कंबर धरली राव, तू चालव. मी मागं जरा आडवा होतो," म्हणाले, आणि परतूरच्या आधीच घोरायला लागले.

गल्लीत वळलो तर पांढऱ्या टोप्या, मांडलेल्या खुर्च्या. कुणीतरी गेलेलं दिसतंय, असं वाटून मी अदबीनं टेम्पो हळू केला, थांबवला आणि हात जोडले.

माणसं टेम्पोच्या मागे धावली. फाळका उघडला. आत दाजी, सरळ आडवे!

आवाजानं ते उठून बसले. टोप्यांकडे पाहत हळूच म्हणाले, "कोण गेलं ओ?"

चुलतसासू मटकन खाली बसली. अक्का गर्दीतून घुसली, दाजींच्या पाठीत दोन धपाटे घातले आणि मगच रडली.

एक म्हातारबाबा माझ्याजवळ आले. "गुरुजी, टेम्पोच्या बॉडीला आपल्यात हौदा म्हणतेत."

शेजारणींनी दुःखाच्या घरी म्हणून पिठलं-भाकरी आणली होती. दाजी चार भाकरी जेवले. अक्कानं मला ताटाऐवजी तिचा फोन दिला. "आधी ग्रुपवर लिही, दाजी जिवंत हायेत. मराठीत!"

लिहिलं. लगेच परभणीच्या मामांचा मेसेज आला, "आम्ही अर्ध्या वाटेत आहोत. परत फिरावं का?"

अक्कानं फोन हिसकावला आणि उत्तर टाकलं, "या. भाऊ जायच्या बेतात हाय."