दसऱ्यानंतरची सायकल

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास मी वेल्समधल्या कार्डिफच्या हॉस्पिटलात कामाला सायकलने जायचे. सायकल रेसिंगची, पण जुनीपुराणी. गिअरचा खटका फ्रेमच्या तिरप्या दांडीवर. एका दसऱ्यानंतर मात्र तिच्या अंगातच आलं. चढावर जोर लावला की खटका आपोआप पुढे सरकायचा, पेडल एकदम जड व्हायचं आणि मी पडता पडता वाचायचे. आता ही विकून टाकायची आणि बसने जायचं, असं मी ठरवलंच होतं.

नदीकाठच्या रस्त्यावर रोज एक म्हातारा समोरून सायकलवर यायचा. पँटला क्लिपा, तोंडात शीळ, मला पाहिलं की हात वर. त्या दिवशी मी सायकल ढकलतेय हे पाहून तो थांबला. आमटीचा घ्यावा तसा त्याने खटक्याचा वास घेतला.

"नारळ?"

दसऱ्याला आम्ही वाहनांची पूजा करतो, मी सांगितलं. त्याआधी सगळ्या सायकलला खोबरेल चोळलं होतं.

तो पोट धरून हसला. "लव्ह," तिकडे कुणालाही म्हणतात तसं तो म्हणाला, "हा खटका नुसता घट्ट आवळल्यामुळे जागेवर राहतो. त्याला तेल पाजलंस तर थांबेल कसा?"

स्क्रू सोडवून त्याने आतल्या चकत्या रुमालाने कोरड्या केल्या आणि स्क्रू पुन्हा आवळला. वरचं कुंकू मात्र पुसलं नाही. "हे राहू दे. याने काही घसरत नाही."

चढ मी एका दमात चढले.

दुसऱ्या दिवशी मी कुंकवाची डबी घेऊन गेले. डबी पाहताच त्याने आपल्या सायकलचं हँडल माझ्यापुढे केलं आणि दटावलं, "तेल मात्र नको हं!"